थोरा मावशीने माघार घेतलेली नाही

वॉशिंग्टन,
मंगळवार, २६ सप्टेंबर १९६१

प्रिय थोरा मावशी,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरी असशील असं धरून चालते, आणि क्षेमकुशल इथेच आटोपून राष्ट्रीय महत्त्वाच्या विषयाकडे वळते. माझी खुर्ची पुन्हा गेली.

तू म्हणशील, खुर्चीचं काय एवढं. मावशी, जगाच्या कानाकोपऱ्यात आपली माणसं सेवेला पाठवणाऱ्या या नव्याकोऱ्या सरकारी खात्यात उत्साहाचा तुटवडा नाही, खुर्च्यांचा आहे. मार्चमध्ये कागदावर सही झाली, एप्रिलमध्ये माणसं आली, मे महिन्यात टेबलं आली. खुर्च्या अजून कुठल्याशा समितीपुढे पडून आहेत. मानवजातीच्या उद्धाराचे माझे सुरुवातीचे सगळे मजकूर मी टपालाच्या खोक्यावर बसून लिहिले. जूनमध्ये खुर्ची मिळाली. तिचं एक चाक निखळलेलं आहे, त्यामुळे बसणारं माणूस जरा डावीकडे कलतं, आणि हल्लीच्या दिवसांत या गावात ते फारसं बरं दिसत नाही. तरी ती माझी होती. आता रोज सकाळी ती दुसऱ्याच खोलीत सापडते. मी तिच्या पाठीवर माझं नाव चिकटवलं. दुसऱ्या दिवशी नाव माझ्या टेबलावर नीट ठेवलेलं होतं, खुर्ची नव्हती.

ओपल म्हणाली, "नावाला कोण भितंय इथे? कुत्र्याची साखळी आणा, बाई." ओपल म्हणजे आमची टंकलेखिका. जन्म याच शहरातला. कितीतरी खाती तिने बारशापासून तेराव्यापर्यंत पाहिली आहेत, त्यामुळे तिला कशाचंच नवल वाटत नाही.

साखळीवरून आठवलं. तुझा कुत्रा बस्टर पास्टर हेग्गांकडे रमला का? रमला नसेल तर कळवू नकोस.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण काम फार होतं. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा ते सरकारी वाटलं. तर ते तसंच राहू दे.

तुझं काचेचं भांडंही अजून माझ्याकडेच आहे. जूनमध्ये तू खजुराच्या वड्या भरून आगगाडीने मांडीवर ठेवून आणलंस ते. वड्या ऑफिसात नेल्या, तर व्हिटकोमसाहेबांनी एकट्याने निम्म्या संपवल्या आणि म्हणाले, "हीच खरी अमेरिका." भांडं धुऊन कपाटावर ठेवलंय. खाली चिकटपट्टीवरचं तुझं नाव धुण्यात पुसत चाललंय. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि मला तर उकडलेलं अंडंही धड सोलता येत नाही, म्हणून ते राहिलंय. भांड्याच्या बाबतीत तरी हे कारण खरं आहे.

व्हिटकोमसाहेबांना तू जूनमध्ये पाहिलंस, पण नीट नाही पाहिलंस. तू माणसाकडे चांगल्या नजरेने बघतेस, त्याने फार काही दिसत नाही. प्रेस्टन व्हिटकोम, आमचे उपसंचालक. वय एकतीस. पूर्वेकडच्या नामांकित शाळा, नामांकित दात. शर्टाच्या बाह्या सदैव कोपरापर्यंत दुमडलेल्या, म्हणजे माणूस कामाला जुंपून घेतलेला. त्या बाह्या दुमडलेल्या अवस्थेतच इस्त्री होऊन येतात, हे ओपलने माझ्या लक्षात आणून दिलं.

आता एप्रिलमधल्या एका बैठकीबद्दल सांगते. आधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत वर्तमानपत्रं आमची चेष्टा करत होती. गुलाबी गालांची पोरं गळ्यात गिटार अडकवून जंगलात निघालीयत, मागून आया दुधाचे ग्लास घेऊन धावतायत, अशी व्यंगचित्रं. काँग्रेसमधले काही सभासद याला 'सरकारी खर्चाने पोराटोरांची सहल' म्हणत होते आणि आमच्या खात्याचा कायदा पाडायला बसले होते. व्हिटकोमसाहेब टेबलावर बसून (खुर्च्या नव्हत्याच) म्हणाले, "आपल्याला एक पांढरं डोकं हवं. शक्यतो बाई. शक्यतो शेतावरची."

मी विचारलं, "शक्यतो जिवंत?"

सगळे हसले. मला हसवायलाच ठेवलंय म्हणा. विस्कॉन्सिनमधल्या एका साप्ताहिकात लोकांच्या टोप्या उडवता उडवता मी वॉशिंग्टनला आले, ते त्याच जोरावर. सगळे हसत होते, त्या ओघात मी म्हटलं, "माझी एक मावशी आहे."

एवढंच म्हटलं. वाक्य काही मोठं नव्हतं. पण साहेब टेबलावरून उतरले. "वय?" त्रेसष्ट. "करतात काय?" आयुष्यभर काउंटीतर्फे शेताशेतावर जाऊन बायकांना फळं, भाज्या, मांस बरण्यांत टिकवायला शिकवलं. आता निवृत्त. विधवा. चर्चमध्ये कॉफी करते. "बोलतात कशा?" कमी. "अरे वा," ते म्हणाले. जत्रेत गाईच्या पाठीवरून हात फिरवून माणूस जसा 'अरे वा' म्हणतो ना, अगदी तसं. आणि मी त्या वेळी मान हलवून हसत होते, मावशी. मला कौतुक वाटत होतं. तुझं की माझं, ते आता आठवत नाही.

फोनवर मी तुला म्हटलं होतं, "त्यांना अनुभवी बाया हव्यात." आफ्रिकेतल्या त्या मुलींच्या शाळेने कोठीघर आणि स्वयंपाकघर सांभाळायला अनुभवी बाई मागितली होती, हे खरं आहे. ते पत्र मी स्वतः पाहिलंय. पण आमच्या इमारतीत त्या पत्राला कोणी विचारत नव्हतं. आमच्या इमारतीला तू फक्त एका सकाळपुरती हवी होतीस.

जूनमधली ती साक्षीची सकाळ मात्र तू गाजवलीस. अजून इथे लोक सांगतात. काँग्रेसच्या समितीपुढे तू चर्चमध्ये बसतेस तशी बसलीस, पर्स मांडीवर, हात पर्सवर. त्या जाड्या सभासदाने गोड आवाज काढून विचारलं, "आजी, तिकडे साप असतात, कल्पना आहे ना?" तू म्हणालीस, "आमच्या खुराड्यातही असतात. अंडी खातात. मतं मागत नाहीत." त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत सगळे हसले, आणि तो जाड्याही हसला, कारण कॅमेरे होते. दुसऱ्या दिवशी तुझा फोटो पहिल्या पानावर. खाली माझी ओळ: 'हा देश वय विचारत नाही, हात विचारतो.' ती ओळ माझी आहे हे मी तुला अभिमानाने कळवलं होतं. आता ती कोणी म्हटली की मी खोलीबाहेर जाते.

मग डॉक्टरांची तपासणी. तीत तू सगळीकडून धडधाकट निघालीस, दात सोडून. डॉक्टरने शेरा मारला की या दातांनिशी उमेदवाराला परदेशी पाठवता येणार नाही, तिथे उपचाराची सोय नाही. मी तो शेरा तुला कळवला आणि वर लिहिलं, 'बघ काय ते.' तू बघितलंस. तुझ्या ऑगस्टच्या पत्रात कोंबड्यांच्या भावानंतर आणि पावसाच्या आधी एक ओळ होती: 'उरलेले दात काढून घेतले. शुक्रवारी फक्त सूप घेतलं. कवळी पुढच्या महिन्यात.'

मी ती ओळ ओपलला वाचून दाखवली. तिने टंकयंत्र थांबवलं आणि विचारलं, "सगळे?" मी म्हटलं, सगळे. ती म्हणाली, "चांगलेसुद्धा?"

मला ते सुचलंच नव्हतं.

आता इथे मी दुसरी बातमी सांगायला लागले असते. पोटोमॅक नदीचा वास, घरमालकिणीचा पोपट, असलं काहीतरी. तू ओळखलं असतंस. तू मला लहानपणापासून ओळखतेस. मी बडबडायला लागले की तू माझ्या मुठी बघायचीस, आत काय लपवलंय म्हणून.

कायदा गेल्या आठवड्यात पास झाला. आम्ही कागदी कपांतून शॅम्पेन प्यायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत पाहुण्यांसाठी एक खुर्ची ठेवलेली होती. ती माझी होती. मी तिच्यावर डावीकडे कलून बसले.

"आर्डिस," ते म्हणाले, "तुमच्या मावशी किती गोड आहेत."

मावशी, या गावात म्हाताऱ्या माणसाला गोड म्हणायला लागले की समजावं, त्याचं काम संपलं. मी म्हटलं, "काय झालं?"

"वैद्यकीय अहवाल आलाय. त्यांना कवळी आहे."

"तुमच्याच डॉक्टरमुळे आहे."

"आम्ही फक्त दात चालणार नाहीत म्हटलं होतं."

"म्हणून ती दात घरी ठेवून निघाली."

ते हसले. मग हसायला नको होतं हे लक्षात येऊन चेहरा गंभीर केला. "तिकडे कवळी मोडली तर? दुरुस्त करणारं कोणी नाही. जबाबदारी कोणाची? उद्या पेपरात आलं तर?"

म्हणजे खरे दात होते तेव्हा दात नडले, खोटे बसवले तर ते नडले. मी विचारलं, तोंडात नेमकं काय असलं म्हणजे या देशाची सेवा करता येते? तर ते उठून दार लावून आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही आमच्यातल्याच, म्हणून खरं सांगतो. मासिकवाले येतायत. विमानाच्या शिडीवर पहिली तुकडी. तरणी पोरं, वारा, केस उडतायत. त्यांच्यात एक आजीबाई उभी असली की बघणाऱ्याला वाटतं, दुसरं कोणी मिळालं नाही."

"जूनमध्ये मिळालं नव्हतंच."

"जूनमध्ये कायदा व्हायचा होता."

तर तू जात नाहीयेस, मावशी. हे वाक्य लिहायला मी पाच पानं लावली. तुझ्या जागी इतिहास शिकलेले दोन मुलगे जाणार आहेत. शाळेने कोठीघरासाठी बाई मागितली होती. यांना पाणीही उकळता येत नसेल, पण फोटोत फार छान येतात.

आणि अजून संपलेलं नाही. याच्या पुढचं सगळ्यात घाण आहे. साहेबांना तुझ्या सहीचा कागद हवाय. 'घरगुती जबाबदाऱ्यांमुळे मी स्वतःहून माघार घेत आहे.' म्हणजे कोणी नाकारलं नाही, कोणी फसवलं नाही, आजी दमली. "त्यांच्यासाठीही तेच मानाचं," ते म्हणाले. "मजकूर तुम्ही लिहा, तुमच्या हाताला चव आहे. आणि सही तुम्ही मागितलीत तर त्या नाही म्हणणार नाहीत."

मी तो कागद लिहिला, मावशी. जेवणाच्या सुट्टीआधी. चांगला उतरलाय. 'वाढत्या घरगुती जबाबदाऱ्या' असं लिहिलंय. तुझ्या घरात तू होतीस आणि एक कुत्रा होता. कुत्रा तू देऊन टाकलास, घर भाड्याने दिलंस. चर्चच्या तळघरात तुझा निरोपसमारंभ होऊन गेला, बायकांनी वर्गणी काढून चामड्याची बॅग दिली, तिच्यावर तुझी आद्याक्षरं कोरून घेतली. सगळ्या गावाने तुझा हात हातात घेतला. आणि आता तू त्याच तळघरात जाऊन म्हणायचंस की मी घाबरले.

कागद या पाकिटात घातला होता. काढला. पुन्हा घातला. शेवटी काढून हे पत्र एकटंच पाठवते आहे. हा काही मोठेपणा नाही, तो कागद पोस्टाच्या पेटीपर्यंत पोचवण्याइतकं धैर्य झालं नाही एवढंच.

तुझी, तुझ्याकडे वर न बघता,
आर्डिस

—

वॉशिंग्टन,
गुरुवार, १९ ऑक्टोबर १९६१

प्रिय थोरा मावशी,

तुझं पत्र पोचलं. एवढं छोटं पत्र वाचायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. मी ते ओपललाही दाखवलं. तू लिहिलंस ते पुन्हा इथे उतरवते, कारण तुझ्या हातून हे लिहिलं गेलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही:

'बातमी समजली. भाडेकरू भले आहेत, त्यांनी मला माझीच माडीवरची खोली दिली. भाडं घेत नाहीत. बॅग परत द्यायला गेले तर कोणी घेईना, म्हणून ती चर्चच्या दारातल्या बाकावर ठेवली आहे. रविवारी सगळे तिला वळसा घालून आत जातात. मला कोणी काही विचारत नाही. फक्त कॉफी ओतताना माझ्या कपात जरा जास्त ओततात. कवळी बरी बसते. तो कागद पाठव, मी सही करीन. तुझी खुर्ची टिकली पाहिजे. मला काय, कॉफी जास्त मिळते.'

जरा जास्त ओततात. मावशी, मी त्या तळघरात वाढले. विचारलं असतं तर परवडलं असतं. एस्टर टोवेन नवरा पळून गेल्यावर कितीतरी महिने काठोकाठ भरलेला कप हातात घेऊन बसायची, सांडेल म्हणून तिला हलता यायचं नाही, ते मी पाहिलंय. आता तुझाही कप काठोकाठ. आणि तू त्यावर विनोद करतेस, म्हणजे मला हलकं वाटावं.

मला हलकं वाटलं नाही. शिसारी आली, आणि या वेळी व्हिटकोमची नाही. खोटा कागद मी लिहायचा, त्यावर सही तू करायचीस, आणि त्यातून टिकणार काय, तर तीन चाकांची खुर्ची.

कागद खणातून काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवा मजकूर लिहिला. इतकी वर्षं लिहितेय, पण एकही शब्द सजवायचा नाही म्हटल्यावर घाम फुटला. मग आपल्या साप्ताहिकाच्या एल्मर स्कारला फोन लावला आणि वाचून दाखवला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आर्डिस, हे तुझं नेहमीचं विनोदी आहे का बातमी?"

"बातमी."

"मग यात हसायचं कुठे?"

"हसू नकोस, एल्मर. छाप."

"खाली नाव कोणाचं?"

"माझं. आणि काम कुठे करते तेही घाल."

तो म्हणाला, "थोराबाईंनी माझ्या आईला मटार टिकवायला शिकवलं होतं," आणि फोन ठेवला.

तुझ्याकडे अंक आला असेलच. तरी माझ्या हातचं तुझ्याकडे असू दे:

'श्रीमती थोरा बाकेन यांनी परदेशी सेवेतून माघार घेतलेली नाही. त्यांना जायचं होतं आणि आजही जायचं आहे. त्यांचे दात चालणार नाहीत असं सांगण्यात आलं, म्हणून त्यांनी दात काढून घेतले. नंतर कवळी चालणार नाही असं सांगण्यात आलं. कायदा मंजूर होईपर्यंत त्या हव्या होत्या, नंतर नको झाल्या. ही माहिती देणारी त्यांची भाची असून त्याच खात्यात प्रसिद्धीचं काम करते. मावशींना यात तिनेच ओढलं.'

एल्मरने ती बातमी चर्चच्या पॅनकेक-भोजनाची सूचना आणि गवताच्या लिलावाची जाहिरात यांच्या मधोमध लावली. वॉशिंग्टनमध्ये असं काही कोणी वाचत नाही असं मला वाटलं होतं. पण तुमच्या भागातून काँग्रेसमध्ये निवडून आलेला सभासद गवताचे लिलाव वाचतो म्हणे. त्याने आमच्याकडे फोन केला.

साहेबांनी बोलावलं. बाह्या या वेळी खाली सोडलेल्या होत्या.

"हे काय केलंत?"

"तुम्ही मजकूर मागितला होता. मी लिहिला."

"तुम्ही आमच्या बाजूच्या आहात ना?"

मी म्हटलं, मला आधी बाजू कुठल्या आहेत ते सांगा. एका बाजूला इमारत आहे आणि दुसऱ्या बाजूला बिनदाताची म्हातारी. या दोघांत भांडण लावायला कोणी सांगितलं होतं?

मग ते मऊ झाले. हा माणूस चिडतो तेव्हा मला त्याचा तितका राग येत नाही. मऊ होतो तेव्हा हात धुवावेसे वाटतात. म्हणाले, "आपण त्यांना मानद सल्लागार मंडळावर घेऊ. वर्षातून एकदा मेजवानी. येण्याजाण्याचा खर्च आपला. फोटोही काढू." मी विचारलं, मेजवानीला काय असतं? म्हणाले, बहुतेक स्टेक.

बिनदाताच्या बाईला स्टेक. त्यांच्या लक्षातही आलं नाही, मावशी. मी वाट बघत थांबले की आता येईल, आता येईल. नाही आलं. तोपर्यंत मला वाटत होतं की हा माणूस दुष्ट आहे. तो दुष्टही नाही. तुला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. वड्या खाल्ल्या तेव्हाही नाही.

मी त्यांच्यासमोरच राजीनामा लिहिला. फार मोठं काही केलं असं समजू नकोस, शुक्रवारी त्यांनी तो मागून घेतलाच असता. टेबल आवरत होते, तर शेजारच्या खोलीतला एक तरुण दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं निरोप द्यायला आलाय. तो म्हणाला, "ही खुर्ची मोकळी होतेय का?"

मुलींच्या शाळेचं काय झालं ते तू विचारशील. आधी तेच विचारशील. ते दोघे मुलगे पोचले. शाळेकडून पत्र आलंय, ओपलने जाता जाता मला दाखवलं. मुलं सभ्य आहेत, असं मुख्याध्यापिकेने लिहिलंय. आणि विचारलंय, कोठीघराची बाई कधी येणार? तिला उत्तर द्यायला आता त्या खात्यात मी नाही, म्हणून घरून मी एक साधं पत्र टाकलंय. त्यात तुझा पत्ता दिलाय. त्यातून काही होईल असं मी म्हणत नाही. त्या बाईंना बरण्यांविषयी काही विचारायचं असलं तर विचारतील, इतकंच.

आता भांड्याचं.

काल संध्याकाळी ओपल माझ्या खोलीवर आली. माझं स्वयंपाकघर बघून तिने देवाचं नाव घेतलं. म्हणाली, "बाई, टपालाने जायचं आणि दात लागायचे नाहीत, असं एकच आहे. फज." कोको, साखर, दूध, लोणी. ती सांगत होती, मी ढवळत होते. पहिला घाणा पातेल्याच्या बुडाला असा चिकटला की ते पातेलं घरमालकिणीला दाखवायची सोय राहिली नाही. दुसऱ्या घाण्याच्या वड्या पडेनात. मी चिडले. ओपलने बोट घालून चाखलं आणि म्हणाली, "चव आली. घट्ट नाही झाला तर नाही झाला. त्यांना म्हणावं, चमचा घ्या."

तर चमचा घे.

भांडं मी तुझ्या जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलंय, जूनमध्ये तू ज्यात आणलंस त्यातच. खालची चिकटपट्टी पार निघून आली होती. औषधांच्या दुकानातून पांढरी नवी आणली आणि तुझं नाव पुन्हा लिहिलं, पूर्ण, मोठ्या अक्षरांत, न पुसणाऱ्या शाईने.

आणखी एक. येत्या रविवारी चर्चमध्ये जाशील तेव्हा बाकावरून ती बॅग उचलून घरी आण. कोणी काही म्हणणार नाही. कॉफीच्या वेळी कप पुढे कर आणि बघ, कुठपर्यंत भरतात ते. मला कळव.

भांडं रिकामं पाठवलेलं नाही.

तुझी भाची,
आर्डिस